ऑब्जेक्टचा साचा आधीच ठरलेला असावा की चालता चालता बदलावा?

कंपायलरवादी:
बिलिंगच्या पायथन कोडमधली एक चूक शोधण्यात परवा दीड दिवस गेला. 'बिल.सवलत' लिहायच्या जागी कुणीतरी (बरं, मीच) 'बिल.सवलात' लिहिलं होतं. पायथनने हूं की चूं केलं नाही. 'सवलात' नावाचं नवंकोरं अ‍ॅट्रिब्यूट (नाव दिलेला माहितीचा कप्पा) बिलाच्या ऑब्जेक्टला चिकटवलं, खरी सवलत शून्यच राहिली आणि गिऱ्हाइकाला पूर्ण रकमेचं बिल गेलं. जावात हे कंपाइलच झालं नसतं, प्रोग्रॅम चालण्याआधीच अडलं असतं.

चालू प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टला वाटेल तिथे नवे अवयव फुटू देणं हा भाषेच्या डिझाइनचाच दोष आहे. १९६७च्या सिम्युला भाषेपासून फील्ड (असे कप्पे) क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, आधी जाहीर करायची रीत आहे. सी प्लस प्लसही त्याच वाटेने गेली.

जुना_स्मॉलटॉकी:
सिम्युला बरा आठवला, स्मॉलटॉक सोयीने विसरलात! झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात घडलेली ही भाषा. चालू सिस्टिममध्ये क्लासला नवं फील्ड जोडलं की आधीपासून जिवंत असलेल्या ऑब्जेक्टनाही ते मिळतं, काही बंद करावं लागत नाही.

एवढी लवचीक, तरी तुमची 'सवलात' तिथे खपली नसती. फील्ड क्लासवरच जाहीर करावी लागतात, आणि बाहेरून 'सवलात' असा मेसेज पाठवलात तर 'हा मला कळत नाही' म्हणून ऑब्जेक्ट तिथेच अडतो. तेव्हा दोष डायनॅमिकपणाचा नाही. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टच्या हाती उघडी डिक्शनरी (नावं आणि त्यांच्या किमतींची यादी) देऊन ठेवतं, त्याचा आहे.

रात्रपाळी:
आणि वेगाचं काय? दर वेळी नाव शोधत बसायचं?

जुना_स्मॉलटॉकी:
अंगर आणि स्मिथ यांची सेल्फ ही भाषा बघा, १९८०च्या दशकातली. तिच्यात क्लासच नाहीत, एका ऑब्जेक्टची नक्कल करून दुसरा बनवायचा. तरी पळवली. एकसारख्या घडणीच्या ऑब्जेक्टसाठी आतून एकच 'मॅप' (कुठलं फील्ड कुठे आहे याचा तक्ता) ठेवला. हीच युक्ती २००८ साली क्रोम ब्राउझरच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनात 'हिडन क्लास' म्हणून आली. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉपर्टी एकाच क्रमाने भरा असं सांगतात ते त्यामुळेच.

कंपायलरवादी:
म्हणजे तुमच्या इंजिनालाही शेवटी साचाच शोधावा लागला! मग तो मी आधीच लिहून दिला तर बिघडलं कुठे?

जुना_स्मॉलटॉकी:
बदलायची वेळ आली की बिघडतं. सी प्लस प्लसच्या हेडरमधल्या (अनेक फाइल्स वापरतात त्या सामायिक फाइलमधल्या) क्लासला एक खासगी फील्ड वाढवा, तो हेडर घेणाऱ्या सगळ्या फाइल्स पुन्हा कंपाइल करा. एखादी जुनी लायब्ररी तशीच राहिली तर लिंक (तुकड्यांची जोडणी) बिनबोभाट होऊ शकते आणि मेमरीत भलत्याच फील्डवर हात पडतो. ही तुमच्या 'सवलात'ची थोरली बहीण.

रात्रपाळी:
भांडता कशाला, पायथनमध्ये २.२ पासून स्लॉट्स आहेत. क्लासवर नावांची यादी लिहा, यादीबाहेरचं नाव नाकारलं जातं. बेस क्लासलाही लावा मात्र, नाहीतर डिक्शनरी वारशाने येते.

कंपायलरवादी:
लावले. 'सवलात' पकडली, शिवाय तिच्यासारखीच आणखी एक. (तीही माझीच.) पण आता स्टँडर्ड लायब्ररीतली कॅश्ड प्रॉपर्टी (एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवायची सोय) चालेना. तिला ऑब्जेक्टची डिक्शनरी लागते.

रात्रपाळी:
स्लॉट्सच्या यादीत डिक्शनरीचंही नाव घाला, चालेल.

कंपायलरवादी:
अहो, मग 'सवलात' परत आत येईल की!