मॉक, स्कॉफ, स्नीअर, जीअर… सगळ्यांचा अर्थ 'टर उडवणे'च का?

केळीवाला_रावेर:
बँकेच्या परीक्षेची तयारी चाललीय, जळगावात अभ्यासिकेत बसतो. शब्दांच्या वहीत या चारींपुढे मी 'टर उडवणे' लिहून ठेवलंय, आणि पर्यायात चारी एकदम आले की डोकं बंद. अन् मॉक म्हणजे टर, तर मॉक टेस्ट कोणाची टर उडवते भो?

भुसावळची_मॅडम:
तुमचीच 😄 मॉकमध्ये नक्कल असते. लहानपणी वेडावून दाखवायचो ना, समोरचा बोलला की तोंड वाकडं करून त्याच्याच सुरात तेच परत, ते मॉक. मॉक टेस्टमध्ये नक्कल उरली, टर गळाली. जीअर म्हणजे हुर्यो, घोळक्यानं अन् मोठ्यानं, कबड्डीत चढाईवाला पकडला गेला की पब्लिक करतं तसं. स्कॉफ म्हणजे "हॅ, हे काय जमणारे" म्हणून उडवून लावणं, पुढे ॲट लावायचं विसरू नका.

यावलचा_पोऱ्या:
स्नीअर मी सांगतो. पुण्यात हॉस्टेलला होतो, घरून भरीत अन् कळण्याची भाकर आलेली. एक रूममेट दिवसभर माझ्याच सुरात "काय करून राहिला भो" करायचा, तो मॉक, त्याचं काही वाटलं नाही, रात्री डबा पुसून त्यानंच खाल्ला. दुसरा एक शब्द बोलला नाही, नुसतं डब्याकडे बघितलं अन् वरचा ओठ एका बाजूनं जरासा वर गेला. तो स्नीअर. शब्दच नाही तर उलटं उत्तर काय देणार?

केळीवाला_रावेर:
भारी. मग कंटेम्प्ट? कोर्टाला हसलं की कंटेम्प्ट ऑफ कोर्ट का?

काळा_कोट_अमळनेर:
हसायची गरज नाही, कोर्टाचा आदेश मुद्दाम पाळला नाही तरी १९७१ च्या कायद्यानं तो दिवाणी अवमान. एरवी कंटेम्प्ट म्हणजे मनात कोणाला तरी कवडीमोल ठरवून टाकणं, मग ते ओठावर येतं नाहीतर हुर्योत. आपल्याकडे 'अवज्ञा' बघा, अतिपरिचयात् अवज्ञा म्हणतो तेव्हा किंमत न ठेवणं, अन् सविनय अवज्ञा म्हटलं की हुकूम न पाळणं. दोन्ही अर्थ एकाच शब्दात, कंटेम्प्टसारखेच.

भुसावळची_मॅडम:
सारकॅझम पण लिहा वहीत, मूळ ग्रीक, मांस ओरबाडणे. आमच्या आत्याबाईंचे टोमणे ऐकले असते त्या ग्रीकांनी तर हाडापर्यंत गेले असते.

केळीवाला_रावेर:
लिहिलं. स्नीअरपुढचं 'टर' खोडून 'ओठ' केलं. यावलवाले, भाकरीसोबत ठेचा होता का नाही ते सांगा आधी.