कसुती मागूनही तशीच दिसायला हवी तर

कोणीतरी विचारलंय की कसुतीची (म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक भरतकामाची) मागची बाजू कायम गिचमिड होते आणि डिझाईन कार्बनने छापून घेतलं तर चालेल का. छापू नका हो! कसुतीत सगळा खेळ कापडाचे धागे मोजण्याचा आहे, छापलेल्या रेघेवरून गेलात की टाके लहानमोठे होणारच.

कसुतीतला गवंती टाका म्हणजे डबल धावदोरा. जाताना एक टाका वर एक खाली आणि परत येताना राहिलेल्या रिकाम्या जागा भरायच्या, म्हणून तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. गोची होते ती फाट्यांपाशी. समजा तुळशीवृंदावन काढताय, तर मधेच बाजूला फांदी आली की तिच्या टोकापर्यंत जायचं, लगेच तिच्याच रिकाम्या जागा भरत मूळ रेघेवर यायचं आणि मग पुढे. मी सुरुवातीला फांद्या शेवटी करू म्हणून सोडायचे आणि मग मागून दोरा उड्या मारत जायचा, अख्खा हत्ती उसवलाय मी त्यापायी (सोंडेसकट).

गाठ अजिबात नको, बोटभर शेपूट सोडा आणि नंतर टाक्यांखालून ओवून टाका.

मुरगी म्हणजे तीच गवंती पण पायऱ्यापायऱ्यांची. नेयगी विणल्यासारखी दिसते. मेंथी म्हणजे आपला क्रॉस स्टिच, पण ती मागून सारखी येत नाही, तेव्हा तिथे उगाच जीव काढू नका.

इरकलवर धागे मोजताना डोळ्यांची वाट लागते, त्यामुळे आधी मॅटीवरच (धागे सहज मोजता येतील अशा जाडसर कापडावर) हात बसवा.