प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अप्रेंटिसशिप केलेलं कुणी आहे का? रोज नक्की काय करावं लागतं?

नवीन_सुरुवात:
नमस्कार मंडळी. मला एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अप्रेंटिसशिप मिळालीये, दीड वर्षाची, पगार थोडा कमी पण सोबत शिक्षण चालू राहणार आणि शेवटी परीक्षा. पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा आलाय. जाहिरातीत लिहिलंय की प्लॅनिंगला मदत, स्टेकहोल्डर्सशी संवाद, रिपोर्टिंग वगैरे, पण यातून काहीच कळत नाही हो. सकाळी जाऊन बसल्यावर करायचं काय? मी जन्मात कधी टीम सांभाळलेली नाही, मग वीस वर्षं काम केलेली माणसं माझं का ऐकतील? आणि एक भीती अशी की नुसत्या मीटिंगच्या नोंदी लिहिण्यातच दीड वर्ष जाईल आणि हाताला काही लागणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज.

डेडलाइनवाली:
अभिनंदन आधी! मी दोन वर्षांपूर्वी पूर्ण केली. तुझी ती नोंदींची भीती अगदी माझीच होती, आणि हो, पहिले तीन-चार महिने नोंदीच लिहिशील. पण त्याला कमी समजू नकोस, मी जे काही शिकले त्यातलं निम्मं तिथेच शिकले.

पहिल्या आठवड्यात मी अख्खी मीटिंग शब्दन्‌शब्द उतरवून काढली, चार पानं झाली. मेंटरने वाचली आणि विचारलं, यातून आता कुणी काय करायचंय आणि कधीपर्यंत? मला सांगताच येईना. चार पानांत एकही नाव आणि तारीख एकत्र नव्हती. तेव्हापासून नियम केला, ठरलेल्या प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख. दोघांची नावं लिहिली की काम कुणाचंच राहत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. मग मीटिंग संपायच्या आत मोठ्याने वाचून दाखवायला लागले, 'हे तुमच्याकडे, गुरुवारपर्यंत, बरोबर ना?' आणि तिथेच कळायचं की ज्याच्याकडे काम आहे असं सगळे समजतायत त्याला स्वतःला पत्ताच नाही. लोक ऐकतील का, याचं उत्तरही त्यातच मिळालं मला. तू हुकूम देणार नाहीयेस, ठरलेलं लक्षात ठेवणारी व्यक्ती तू असणार आहेस, आणि हळूहळू लोकच येऊन विचारतात की अगं ते काय ठरलं होतं आपलं.

रोजचं म्हणशील तर सकाळी टीमची पंधरा मिनिटांची मीटिंग, मग प्लॅन अपडेट करणं, रिस्क लॉग (संभाव्य अडचणींची यादी) बघणं, दोन-तीन जणांच्या मागे लागणं, दुपारी कुठलातरी रिपोर्ट. रिस्क आणि इश्यू यातला फरक पहिल्याच दिवशी समजून घे, जे होऊ शकतं ती रिस्क आणि जे होऊन बसलंय तो इश्यू. माझ्या लॉगमध्ये सुरुवातीला सगळी खिचडी होती.

गँट_चार्ट:
वरच्या ताईंनी छान लिहिलंय, मी फक्त प्लॅनिंगचं सांगतो कारण माझी चूक तिथे झाली होती.

आमच्याकडे जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिमवर जायचं प्रोजेक्ट होतं. जुना डेटा साफ करायला १२ दिवस, तो झाल्यावरच टेस्टिंग ५ दिवस. आणि बाजूला समांतर ट्रेनिंगचं साहित्य तयार करायचं, ६ दिवसांचं काम. ट्रेनिंगवाल्यांना उशीर होत होता म्हणून मी रोज त्यांच्या डोक्यावर जाऊन बसायचो, रोज मेल, रोज फोन. इकडे डेटावाले शांतपणे 'चालू आहे' म्हणायचे म्हणून मी तिकडे बघितलंच नाही आणि ते ३ दिवस मागे पडले. मेंटरने कागदावर दोन रेघा काढल्या, वरची १७ दिवसांची आणि खालची ६ ची. म्हणाले, खालच्यांना आठवडाभर उशीर झाला तर शेवटची तारीख हलते का? नाही, त्यांच्याकडे ११ दिवस मोकळे आहेत. आणि वरच्यांचा एक दिवस गेला तर? लगेच हलते. क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीखच हलते ती साखळी, हा शब्द मी अभ्यासात पाठ केला होता, १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत ही पद्धत निघाली हेसुद्धा परीक्षेसाठी तोंडपाठ होतं, पण मला तो समजला त्या दिवशी, त्या दोन रेघांवर. अप्रेंटिसशिपचा खरा फायदा हाच वाटतो मला, सकाळी वाचलेलं दुपारी समोर येऊन उभं राहतं.

अंदाज घेतानाही तसंच. कुणाला 'किती दिवस लागतील' असं एकदम विचारू नकोस, माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि मग त्याला चिकटून बसतो. सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमीसारखं गेलं तर किती आणि सगळं बिघडलं तर किती, असे तीन आकडे घे. समजा ४, ६ आणि १४ आले, तर मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं, ७ येतात. पण आकड्यापेक्षा तो १४ का म्हणाला ते विचार, रिस्क तिथेच सापडते.

अर्ध्यावर_सोडलेली:
थोडी वेगळी बाजू. मी आठ महिन्यांत सोडली. जबाबदारी असते पण अधिकार नसतो, आणि मला ते झेपलं नाही. शिवाय आठवड्यातला एक दिवस अभ्यासाचा ठरला होता तो कामाची गर्दी झाली की पहिला कापला जायचा, मग रात्री जागून असाइनमेंट. कंपनीचं नाव घेत नाही. पण जॉइन व्हायच्या आधी अभ्यासाचा वेळ लेखी घे आणि मेंटर कोण आहे, त्याला तुझ्यासाठी आठवड्यात किती वेळ आहे हे स्पष्ट विचार. माझे मेंटर तीन वेळा बदलले.

लाल_पिवळा_हिरवा:
मी आता दुसऱ्या बाजूला आहे, माझ्या हाताखाली अप्रेंटिस येतात. वरचं अभ्यासाच्या वेळेचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, तो दिवस सोडू नकोस.

मी नव्या मुलामुलींमध्ये एकच गोष्ट बघतो, वाईट बातमी किती लवकर सांगतात. स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे अडलंय. नवीन माणसाला वाटतं लाल दाखवला तर आपण नापास, म्हणून तीन आठवडे हिरवा आणि चौथ्या आठवड्यात एकदम लाल. चौथ्या आठवड्यात माझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं रे, ना माणसं हलवता येत ना काम कमी करता येत. एका मुलीने दुसऱ्याच महिन्यात भर मीटिंगमध्ये सांगितलं की 'नव्वद टक्के झालं' हे मी सलग तिसऱ्या आठवड्यात ऐकतेय, उरलेल्या दहामध्ये नक्की काय आहे ते सांगाल का? खोली शांत झाली. उरलेल्या दहामध्ये जवळजवळ अर्धं काम निघालं. त्या दिवसापासून तिचा रिपोर्ट मी न तपासता पुढे पाठवायला लागलो.

सर्टिफिकेटचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची सीएपीएम ही सर्टिफिकेटची परीक्षा नवशिक्यांसाठीच आहे, अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण लागतं, १५० प्रश्न आणि ३ तास. सहा महिने काम केल्यावर दे, आधी नको, प्रश्न ओळखीचे वाटतात.

नवीन_सुरुवात:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आज कंपनीला मेल करून अभ्यासाच्या दिवसाचं आणि मेंटरचं विचारते. एकच अजून, टेक्निकल लोक बोलतात त्यातलं काहीच कळलं नाही तर? दर वेळी थांबवून विचारायचं का?

डेडलाइनवाली:
मीटिंगमध्ये वेळ असेल तर तिथेच, नाहीतर संपल्यावर लगेच गाठ, दुसऱ्या दिवसावर नको टाकूस. मी वही घेऊन जायचे आणि म्हणायचे, मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर थांबवा. 'समजावून सांगा' म्हटलं की लोक लेक्चर देतात, पण चुकीचं सांगितलं की लगेच दुरुस्त करतात, दोन मिनिटांत काम होतं. जॉइन झालीस की इथे लिही नक्की, पहिल्या नोंदी पाठवायच्या आधी दाखवाव्याशा वाटल्या तर कंपनीचा तपशील काढून टाक आणि मला मेसेज कर.