बॅरेंट्स समुद्राचं बारसं कुणी केलं?

वाटाड्या: नॉर्वे-रशियाच्या डोक्यावर जो समुद्र आहे त्याला बॅरेंट्स समुद्र म्हणतात हे मला जाम खटकतं. डच खलाशी विलेम बॅरेंट्स १५९६ ला चीनची उत्तरेकडची वाट शोधत आला, नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकला, हिवाळा काढला आणि जून १५९७ ला परतीच्या वाटेवर वारला, बास. रशियाचे पोमोर दर्यावर्दी तिथं त्याच्या आधीपासून शिकारीला जायचे, जुन्या रशियन नावात तो मुर्मान समुद्र. मग १८५३ ला पेटरमान नावाच्या जर्मन नकाशावाल्यानं परस्पर बारसं उरकलं, घरच्यांना विचारलंच नाही!

शाईपेन: काहीही काय! जाणं वेगळं आणि नोंद ठेवणं वेगळं. दक्षिणेला अटलांटिकचं कोमट पाणी येतं, मुर्मान्स्क बंदर आजही हिवाळ्यात गोठत नाही, तिकडं फिरणं आणि वर बर्फात नऊ-साडेनऊ महिने काढणं एक नाही. बॅरेंट्सच्याच जहाजावरच्या गेरिट द वेरनं डायरी लिहिली म्हणून तर कळतं, थंडी सोसेना म्हणून दगडी कोळसा पेटवला, ऊब जाऊ नये म्हणून धुराडं बुजवलं आणि सगळे गुदमरायला लागले, कुणीतरी दार उघडलं म्हणून वाचले. २४ जानेवारीला सूर्य दिसला, हिशोबापेक्षा दोन आठवडे आधी! लोकांचा विश्वास बसेना, पण थंड हवेच्या थरांत किरण वाकतात हे नंतर कळलं, आता त्याला नोवाया झेमल्या इफेक्टच म्हणतात. १८७१ ला नॉर्वेच्या कार्लसनला त्यांचं लाकडी घर सापडलं, आत सामानासकट.

वाटाड्या: डायरी अर्धीच वाचलीस वाटतं. जहाज बर्फातच सोडून उघड्या होड्यांतून परत येताना ह्यांना रशियनच भेटले, त्यांनी राय धान्याचा गोल पाव आणि धुरावर सुकवलेले पक्षी दिले, हे पण त्याच डायरीत आहे. १७ पैकी १२ घरी पोचले. पाव देणाऱ्यांचं नाव कुठाय?

दर्याकिनारा (गोवा): अरे पण रशियाच्या स्वतःच्या नकाशात आजही 'बारेंत्सेवो मोरे'च आहे, त्यांना चालतं आणि तुला पुण्यात बसून खटकतं 😄 आणि नावं बदलायची तर त्यांनी बदललीतच की, पलीकडचा लापतेव समुद्र आधी नॉर्डेनशेल्ड ह्या स्वीडिश माणसाच्या नावानं होता, १९३५ ला बदलला. बरं, आमच्या वास्कोची संस्था जिथं हिमाद्री हे भारताचं आर्क्टिक संशोधन स्टेशन चालवते ते स्पिट्सबर्गन बेट, ते नाव पण बॅरेंट्सच्याच सफरीतलं, ते पण बदलू?

वाटाड्या: नका बदलू. खाली कंसात मुर्मान लिहायला काय जातं?

शाईपेन: कंसात लिहिलेलं कोण वाचतं रे!