मदत हवी आहे: 'लू-शानचा खरा चेहरा' नेमका कधी वापरायचा?

नमस्कार मंडळी, मँडरिन शिकतेय, एका वाक्प्रचारावर अडलेय. 'लूशान चन म्येनमू', शब्दशः लू-शान पर्वताचा खरा चेहरा.

मूळ माहीत आहे. लू-शान चीनच्या च्यांगशी प्रांतात, बऱ्याचदा धुक्यात गुरफटलेला. 1084 साली कवी सू शी तिथे गेला आणि शीलिन मंदिराच्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या. समोरून पाहिलं तर डोंगररांग, बाजूने पाहिलं तर सुळका. जवळून, लांबून, वरून, खालून दर वेळी वेगळाच. खरा चेहरा कळत नाही, कारण मी याच डोंगरात उभा आहे! (आपलं 'दुरून डोंगर साजरे' आठवलं, पण रोख अगदी उलटा. आपण लांबून फसतो, तो आत राहून.)

आता अडचण. मराठीत 'खरा चेहरा समोर आला' म्हटलं की माणूस लबाड निघाला असंच वाटतं. चिनीतही तशी वाक्यं दिसतात, पण ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलंय त्याला एकदाचं प्रत्यक्ष पाहिलं, अशा साध्या अर्थानेही दिसतात. मग ओळखायचं कसं? सोबतच्या क्रियापदावरून? की फक्त संदर्भावरून?

दुसरं, वयाने मोठ्या माणसाला 'आज तुमचा लू-शानचा चेहरा पाहिला' असं गमतीत म्हटलं तर आगाऊपणा होईल का? पुढच्या आठवड्यात आमच्या बाईंसमोर बोलायचंय, म्हणून विचारतेय.

आणि छंग-यू (चिनीतले ठरीव वाक्प्रचार) बहुतेक चार अक्षरी असतात ना? हा पाच अक्षरी. तरी छंग-यूच म्हणायचं का?