वजन कमी करताना भात किती खावा?

प्रश्न (फोंडा): आमच्याकडे दोन्ही वेळा उकड्या तांदळाचा भात आणि हुमण (नारळ घातलेली माशांची आमटी) असते, न्याहारीला पाव. वजन उतरवण्यासाठी कर्बोदके दिवसाला किती ग्रॅमवर आणावीत, आणि त्यासाठी भात पूर्णपणे सोडावा लागेल काय?

उत्तर (म्हापसा): भात सोडू नका, मोजून घ्या. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २५ ते २८ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रौढांसाठीची १३० ग्रॅमची दैनंदिन शिफारस मेंदूच्या ग्लुकोजच्या गरजेवरून ठरवलेली आहे, त्यामुळे त्याखाली जाण्याची घाई करावी असे मला वाटत नाही. ताटातला भात निम्मा करून त्या जागी तांबडी भाजी (लाल माठ) आणि बांगडा किंवा तारले वाढून घ्या, कारण मासळीत कर्बोदके जवळपास नसतातच, मात्र रव्यात घोळवून तळल्यास हा हिशेब बिघडतो.

उत्तर (काणकोण): हुमणातल्या नारळाकडेही लक्ष असू द्यावे, कारण १ ग्रॅम कर्बोदकांतून ४ किलोकॅलरी मिळतात, तर १ ग्रॅम स्निग्धांशातून ९. शिवाय पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने घटले तरी ती घट बहुतांशी पाण्याची असते. शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीराने साठवलेल्या कर्बोदकांसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते.

उत्तर (मडगाव): आपण मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, तर कृपया डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भात एकदम कमी करू नका, औषधाची मात्रा तीच राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.