हॉटेलांतले आश्रयार्थी आणि आपण व्हिसावाले: तुम्हाला काय वाटतं?

डर्बीकर

नमस्कार मंडळी. मी 2021 पासून इंग्लंडमध्ये आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर. बायको आणि दोन मुलं सोबत. घराजवळ एक हॉटेल आहे, त्यात सरकारने आश्रय मागणारी माणसं ठेवली आहेत. तिथे अधूनमधून शनिवारी झेंडे घेऊन लोक जमतात, समोरच्या फुटपाथवर त्यांना विरोध करणारे उभे राहतात आणि मध्ये पोलिसांची गाडी. मुलाच्या क्रिकेटचा रस्ता तिथूनच जातो. "बाबा, हे लोक आपल्याला पण जा म्हणतायत का?" असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो, पण ते कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाच सांगता येत नाही.

आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सूर आहे: आपण पैसे भरून, कागद दाखवून आलो, हे बोटीतून घुसले. ऑफिसातला एक सज्जन गोरा सहकारीही म्हणतो, "तुझ्याबद्दल नाही बोलत आम्ही." राग मलाही येतो, ते लपवत नाही. व्हिसा वाढवताना चौघांचा तीन वर्षांचा आरोग्य सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसावाल्यांकडून घेतात ती फी) एकदम भरावा लागला. मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. करा हिशोब. शिवाय टॅक्स वेगळा, आणि नोकरी गेली तर बहुतेक सरकारी भत्ते नाहीत.

तरी मला नीट समजून घ्यायचंय. ही माणसं व्हिसा काढून का येत नाहीत? फ्रान्समध्ये का थांबत नाहीत? आणि या सगळ्यात आपण कुठे बसतो?

स्लाव_वाला

यात समजून घेण्यासारखं काय आहे? 2022 च्या कायद्यापासून परवानगीशिवाय इथे येऊन दाखल होणं हाच गुन्हा आहे. त्याच वर्षी पंचेचाळीस हजारांवर माणसं फ्रान्सच्या किनाऱ्यावरून छोट्या बोटींतून आली. 2018 मध्ये हाच आकडा तीनशेच्या आत होता. कुठल्या देशाला हे झेपेल?

आणि लंडनजवळच्या एपिंगचं विसरू नका. तिथल्या हॉटेलात राहणाऱ्या माणसाला चौदा वर्षांच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल शिक्षा झाली. मलाही मुलगी आहे. तिथे रस्त्यावर उतरलेल्या आया काही गुंड नव्हत्या.

लेस्टरची_मावशी

डर्बीकर, मी आमच्या भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आश्रय मागणाऱ्यांना इंग्रजी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्लाववाले दादा, तुमच्या मुलीची काळजी मला कळते आणि एपिंगच्या त्या माणसाची बाजू मी घेणार नाही. शिक्षा झाली ते योग्यच झालं.

आता व्हिसाचं. आश्रयासाठी व्हिसा असा प्रकारच नाही. ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर ब्रिटनच्या जमिनीवर उभं राहूनच मागावा लागतो. सुदानच्या खार्टूममधून फॉर्म भरता येत नाही. युक्रेनच्या लोकांसाठी 2022 मध्ये खास योजना काढली, हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळा व्हिसा आहे, म्हणून ती माणसं विमानाने आली. सुदानसाठी तशी कोणतीच योजना नाही. आणि गंमत अशी की, नाही, गंमत नव्हेच, संतापाची गोष्ट अशी की सुदानी अर्जदारांपैकी जवळजवळ सगळ्यांना शेवटी आश्रय मिळतो. म्हणजे सरकारच म्हणतं, तू खरा निर्वासित आहेस. पण ते ऐकायला आधी रबरी बोटीत बसावं लागतं. नोव्हेंबर 2021 मध्ये एकाच रात्री अशा बोटीतली किमान 27 माणसं इंग्लिश खाडीत बुडून गेली.

दादा, तुम्ही सांगितलेला गुन्हा कायद्यात आहे, बरोबर. पण 1951 चा निर्वासित करार ब्रिटनने स्वतः सही करून मान्य केलेला आहे. जीव वाचवायला थेट आलेल्या आणि लगेच हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नका, असं त्याचं 31 वं कलम सांगतं. वाटेत फ्रान्स लागला तर 'थेट' कशाला म्हणायचं, यावर वकील भांडतात. फ्रान्समध्येच थांबा असंही तो करार कुठे म्हणत नाही. बहुतेक थांबतातही. फ्रान्स आणि जर्मनीकडे येणारे अर्ज आपल्यापेक्षा जास्त आहेत.

अजून एक गोष्ट आपल्या ग्रुपांवर कुणी बोलत नाही. 2024 मध्ये इथे एक लाख आठ हजार लोकांनी आश्रय मागितला. त्यांतले बोटीने आलेले साधारण एक तृतीयांश. त्याहून थोडे जास्त आधी रीतसर व्हिसावर आलेले होते, त्यांत विद्यार्थीही पुष्कळ. कागदवाले आणि बोटीवाले असे दोन सरळ कप्पे पडतच नाहीत.

हॉटेलांचं मात्र मला खरंच बोलायचंय, कारण माझा राग तिथे आहे. लोकांना वाटतं आत मजा चालली आहे. माझ्या वर्गात एक सुदानी माणूस येतो, तिकडे त्याचं औषधाचं दुकान होतं. इथे जेवणासकट हॉटेलात ठेवलेल्याला आठवड्याला दहा पौंडांच्या आत पैसे मिळतात. बसचं जायचं-यायचं तिकीट काढलं की त्यातला निम्मा भाग संपतो, म्हणून तो पावसातही चालत येतो. काम करायला बंदी. वर्षभर निकाल लागला नाही तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या नोकऱ्यांसाठीच. हाताला काम नाही, स्वयंपाकघर नाही, खोलीत अनोळखी माणूस. धडधाकट तरुण पुरुष दिवसभर हॉटेलच्या दारात उभे दिसतात, म्हणून शेजाऱ्यांना भीती वाटते. अहो, ते उभे का आहेत? काम करू दिलं तर ते आपल्याच बरोबर टॅक्स भरतील.

पैसा जातो कुठे ते सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मे 2025 मध्ये लिहून ठेवलंय. 2019 मध्ये राहण्याच्या सोयीची कंत्राटं दहा वर्षांसाठी दिली, तेव्हा अंदाज साडेचार अब्ज पौंडांचा होता. आता तो पंधरा अब्जांवर गेलाय. हॉटेलात राहणारे साधारण एक तृतीयांश, आणि खर्च तीन चतुर्थांश. हा पैसा माझ्या त्या विद्यार्थ्याच्या खिशात गेलेला नाही. निर्णय वेळेवर दिले नाहीत म्हणून हॉटेलं लागली. जून 2023 मध्ये पावणेदोन लाख माणसं पहिल्या निकालाची वाट बघत होती. हे कुणी बोटीतून आणलं नाही, हे इथल्या सरकारांनी केलं.

पुण्याहून_वाचक

मावशी, एक शंका. बोटींत आपले भारतीयही असतात म्हणे, खरं का?

लेस्टरची_मावशी

असतात. 2023 मध्ये तर बऱ्यापैकी होते. बहुतेकांचे अर्ज फेटाळले जातात. फ्रान्सशी 2025 मध्ये जो 'एक आत, एक बाहेर' करार झाला (बोटीने आलेला एक परत पाठवायचा, बदल्यात तिथला एक इथे घ्यायचा), त्याखाली सप्टेंबरमध्ये विमानाने परत पाठवलेला पहिला माणूस भारतीयच होता. भारताने तो 1951 चा करार कधी मान्य केलेला नाही, पण आपले लोक त्याच कराराच्या दारात उभे राहतात. त्यांना एजंट काय काय सांगून पाठवतात, तो वेगळा धागा काढा, त्यात लिहीन.

शिफ्टवाली_नर्स

डर्बीकरांच्या मुलाच्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितेय. मी नॉर्थ-ईस्टमध्ये आहे, नर्स आहे, व्हिसावर.

2024 च्या जुलैत साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर बोटीने आलेला आश्रयार्थी आहे अशी अफवा पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. पण तोवर रॉदरहॅमजवळ, आत माणसं असताना, हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला होता. आणि संडरलँडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सच्या टॅक्सीवर दगड पडले. त्यांच्याकडे व्हिसा होता. सरचार्जही भरलेला असणार. दगड मारणाऱ्याने कागद मागितले नाहीत. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डच्या मॅनेजरने आम्हाला एकटीने घरी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं.

आणि नुसता रस्त्यावरचा प्रश्न नाही. मे 2025 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहण्याची परवानगी, पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी द्यायचा प्रस्ताव आला, तो आपल्यासाठी होता, बोटीवाल्यांसाठी नाही. सप्टेंबरमध्ये फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने तर आयएलआरच रद्द करू म्हणून जाहीर केलं. 'आम्ही रीतसर आलो' हे वाक्य ग्रुपवर कितीही वेळा लिहिलं तरी याच्यातून सुटका नाही.

स्लाव_वाला

नर्सताई, दगडांचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण सीमा राखायचीच नाही का मग? हजारोंनी येत राहिले तर आपल्याविरुद्धचा राग अजून वाढेल, ही माझी भीती आहे.

लेस्टरची_मावशी

राखायची ना. अर्ज लवकर तपासा, ज्याचं कारण खरं नाही त्याला परत पाठवा. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यासाठी माणसं नेमा, न्यायाधीश नेमा. आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायच्या योजनेचं उदाहरण बघा. एप्रिल 2022 मध्ये ती जाहीर झाली, नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, मग नवा कायदा करून रेटली, आणि जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. कोट्यवधी पौंड गेले आणि सक्तीने एकही माणूस तिकडे गेला नाही. तेवढ्यात किती अर्ज निकाली निघाले असते!

आणि दादा, राग वाढेल म्हणून आपण आधीच त्यांच्यापासून लांब सरकायचं, हे मला पटत नाही. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने हाकललेले आशियाई इथे यायला निघाले. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. तरी आमच्या लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्याकडे येऊ नका. आज ज्या बेलग्रेव्ह रोडवर आपण दिवाळीला गर्दी करतो, तो त्याच लोकांनी उभा केला.

डर्बीकर

मावशी, नर्सताई, मनापासून आभार. सरचार्जबद्दलचा माझा राग कमी झालेला नाही, पण तो हॉटेलातल्या माणसावर काढण्यात अर्थ नाही हे कळलं. मुलाला काय सांगायचं ते अजून ठरवतोय, बहुधा नर्सताईंनी लिहिलंय तसंच खरं सांगेन. इथल्या हॉटेलातल्या लोकांसाठी काही द्यायचं असेल तर काय द्यावं? आम्ही घरात ठरवलंय.

लेस्टरची_मावशी

पुरुषांचे 8 ते 10 नंबरचे मजबूत बूट, पावसाचं जॅकेट, फोनचे चार्जर. जुने सूट आणि साड्या नकोत, लोक तेच आणून टाकतात. हॉटेलच्या दारावर थेट घेत नाहीत, जवळच्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे द्या. कॉम्प्युटर येतो तर सीव्ही लिहायला शिकवाल का तेही विचारा. आश्रय मंजूर झाला की हॉटेल सोडायला मूळ नियमाने 28 दिवस मिळतात, तेवढ्यात घर आणि नोकरी शोधायची असते. त्या वेळी मदतीची सगळ्यात जास्त गरज असते. आणि 'कसा आलास, घरचे कुठे आहेत' हे पहिल्या दिवशी विचारू नका. क्रिकेट विचारा, अफगाण मुलं असतील तर मुलालाही घेऊन जा.